ऑफिसात कॉर्डलेस फोन लावताना

नागपुरात बर्डीवर आमचं इंटरकॉम आणि टेलिफोनच्या कामांचं दुकान आहे. तक्रारींत सगळ्यात जास्त भरणा कॉर्डलेसचा. "भाऊ, आवाज कटून राहिला," नाहीतर "चार्जिंगच पकडून नाही राहिला." जाऊन पाहावं तर फोन ठणठणीत असतो. बेस, म्हणजे लाइन आणि अॅडॉप्टर ज्याला जोडतात तो फोनचा मुख्य भाग, भलत्या जागी ठेवलेला असतो, नाहीतर वायर भलत्या पोर्टात घातलेली असते.

मोबाइल प्रत्येकाच्या खिशात असताना लँडलाइन कशाला, असं विचारणारे भेटतात. पण ०७१२ वाला नंबर दुकानाच्या पाटीवर असतो, बिलबुकावर असतो, जुन्या गिऱ्हाइकाच्या डायरीत असतो. तो वाजला की कुणीतरी उचललाच पाहिजे, आणि उचलणारा माणूस त्या वेळी गोदामात असेल, रेकॉर्ड रूममध्ये असेल, पेशंटला आत सोडत असेल. म्हणून कॉर्डलेस घ्यायचा, आणि घेतला तर नीट लावायचा.

बेस कुठे ठेवायचा

डबा नंतर फोडा. आधी हँडसेट कुठून कुठवर न्यायचा आहे ते ऑफिसभर फिरून पाहा. डीईसीटी, म्हणजे आजकालच्या डिजिटल कॉर्डलेस पद्धतीच्या फोनवर मोकळ्या जागेत ३०० मीटर आणि इमारतीच्या आत ५० मीटर अशी रेंज लिहिलेली असते. हा ५० चा आकडा वाटेत लोखंड नसतानाचा. आपल्या ऑफिसांत लोखंडी कपाटं, फायलींचे रॅक, शटर, जिन्याचे कठडे आणि उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर असतो. रेडिओ लहर विटांच्या भिंतीतून बऱ्यापैकी जाते, सळ्या भरलेल्या काँक्रीटच्या स्लॅबमधून कमी जाते, आणि पत्र्यापुढे तर अडतेच.

इतवारीतली एक धान्याची अडत घ्या. समोर गादी, मागे अरुंद जिना, वर गोदाम. बेस गादीखालच्या लोखंडी ड्रॉवरच्या खणात होता, कारण प्लगपॉइंट तिथेच होता. मुनीमजी हँडसेट घेऊन वर निघाले की जिन्याच्या वळणावर फोन कटायचा. नवीन फोन घ्यायची तयारी चालली होती. तोच बेस जिन्याच्या वळणाला, डोक्याच्या उंचीवर भिंतीत ठोकला, तिथवर दोन जोडीची टेलिफोन वायर ओढली आणि इलेक्ट्रिशियनकडून एक प्लगपॉइंट काढून घेतला. आता वरच्या पोत्यांमागूनही बोलणं स्वच्छ येतं.

बहुतेक ऑफिसांत बेसची जागा माणूस ठरवत नाही, प्लगपॉइंट ठरवतो. तसं करू नका. बेस वापराच्या जागेच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर हवा. चार्जिंगची बैठक वेगळी मिळते, ती टेबलावर ठेवा. बेस टेबलावर असायची गरज नाही. टेलिफोनची वायर लांबवायला काही अडचण नसते, फक्त ती लाइटच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका, नाहीतर बोलताना घूं असा आवाज येत राहतो.

आता उन्हाळ्याबद्दल, कारण नागपुरात हा वेगळा विषय आहे. फोनबरोबर येणारं पुस्तक उघडून पाहा, बहुतेकांत वापराचं तापमान ४० अंशांपर्यंतच दिलेलं असतं, काहींत ४५. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ च्या पुढे जातो. पश्चिमेच्या खिडकीत बेस ठेवला तर दुपारी त्याचं प्लास्टिक हाताला चटका देतं, आणि हँडसेटमधले सेल त्याच उन्हात चार्ज होत राहतात. असे सेल लवकर मरतात. मग काहीजण बेस कूलरच्या झोतात आणून ठेवतात. तेही नको. त्या दमट हवेने चार्जिंगच्या पिना हिरव्या पडतात, आणि पत्र्याच्या कूलरच्या आडची बाजू रेंजबाहेर जाते ती वेगळीच. आतल्या भिंतीवर, सावलीत, कूलरच्या झोताबाहेर, ही जागा धरा. मार्चमध्ये कूलर बसवले की एकदा हँडसेट घेऊन सगळीकडे फिरून या. हिवाळ्यात चालणारी जागा उन्हाळ्यात चालेलच असं नाही.

जुना कॉर्डलेस २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर तो वायफायशी भांडतो, म्हणून राउटरपासून लांब ठेवा. डीईसीटीवाला १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्याचं वायफायशी वैर नाही. तरी दोन्ही एकमेकांना चिकटवून ठेवू नका, हातभर अंतर असू द्या.

खिळा ठोकण्याआधी एक परीक्षा घ्या. बेस ठरवलेल्या जागी तात्पुरता टेकवा, बाहेरून कुणालातरी फोन करायला सांगा आणि त्याला १ पासून १०० पर्यंत सावकाश मोजायला लावा. तुम्ही हँडसेट कानाला लावून ऑफिस फिरा. कोणता आकडा गाळला गेला ते लगेच कळतं, आणि त्या वेळी तुम्ही कुठे होतात तेही. "हॅलो, हॅलो, येतो का आवाज" करत फिरण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. सेटिंगमध्ये इको मोड चालू असेल तर फोन कमी ताकदीवर चालतो. कोपऱ्यातली रेंज थोडक्यासाठी हुकत असेल तर तो आधी बंद करून पाहा.

सेल

हँडसेटमध्ये ट्रिपल ए आकाराचे, १.२ व्होल्टचे, निकेल मेटल हायड्राइड सेल असतात. चार्ज होणारे. भिंतीवरच्या घड्याळाचे किंवा रिमोटचे १.५ व्होल्टचे साधे सेल यात कधीही घालू नका. बैठकीवर ठेवले की तेही चार्ज व्हायला लागतात, गळतात, फुटूही शकतात. सेलच्या टोकाची प्लास्टिकची पट्टी ओढून काढा, अधिक-उणे पाहून बसवा आणि पहिल्यांदा पुस्तकात दिलेले तास पूर्ण चार्ज करा. साधारण ७-८ तास लागतात. संध्याकाळी ऑफिस बंद करताना ठेवून गेलात तर सकाळी तयार. पण जाताना मेन स्विच पाडून जायची सवय असेल तर बेसचा पॉइंट त्यातून वेगळा करून घ्या. रोज रात्री बेस बंद आणि सकाळी फोन अर्धमेला, ही तक्रार बऱ्याच ठिकाणी एवढ्यामुळेच येते.

अॅडॉप्टर डब्यातलाच वापरा. पिन बसली म्हणजे व्होल्टेज जुळलं असं नाही.

लाइन कुठून घ्यायची

तांब्याची जुनी लाइन असेल तर काम सोपं. रोझेटमधून, म्हणजे भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीतून, वायर बेसच्या टेलिफोन पोर्टात, अॅडॉप्टर प्लगात, आणि हिरवं बटण दाबून डायलटोन ऐका. त्याच लाइनवर ब्रॉडबँड असेल तर मध्ये स्प्लिटर, म्हणजे फोन आणि नेट वेगळं करणारी डबी, लावाच, नाहीतर फोन वाजला की नेट पडतं.

फायबरचं कनेक्शन असेल तर भिंतीवरच्या रोझेटमध्ये आता काहीच येत नाही. फायबरच्या डब्याच्या मागे टेलिफोनचं छोटं पोर्ट असतं, नेटच्या पोर्टापेक्षा अरुंद. लाइन तिथून घ्यायची. इमारतीतली जुनी वायरिंग वापरून ती लाइन आत न्यायची असेल तर बाहेरून येणारी जुनी तांब्याची जोडी आधी रोझेटमधून सोडवून टाका. दोन्ही एकाच वायरीवर राहिल्या तर कधी डायलटोन येईल, कधी नाही, आणि दोष सापडता सापडत नाही.

ईपीएबीएक्सवर, म्हणजे ऑफिसातले फोन आपसात आणि बाहेरच्या लाइनशी जोडणाऱ्या यंत्रावर लावत असाल तर कॉर्डलेस नेहमी साध्या, म्हणजे अॅनालॉग एक्स्टेंशनच्या (आतल्या फोनच्या) पोर्टावर लावा. रिसेप्शनवर जो बटणांचा मोठा फोन असतो त्याचं पोर्ट डिजिटल असतं. तिथे कॉर्डलेस चालत नाही, आणि पोर्ट बिघडलं तर खर्च तुमचा.

शून्याची भानगड

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावं लागतं. ईपीएबीएक्समधून बाहेरची लाइन घ्यायलाही बऱ्याच ठिकाणी शून्यच असतं. म्हणजे मोबाइलला लावताना दोन शून्यं. पहिलं लाइन घ्यायचं, दुसरं मोबाइलचं. ऑफिसातली मुलं एक शून्य लावतात, चुकीचा नंबर असं ऐकू येतं, आणि फोन खराब म्हणून आम्हाला बोलावणं येतं.

फोनबुकात नंबर भरतानाच हे करून ठेवा. शून्य, मग पॉझ, मग शून्य, मग दहा आकडे. पॉझ महत्त्वाचा. लाइन पकडायला ईपीएबीएक्सला क्षणभर लागतो. पॉझ नसेल तर पुढचे एक-दोन आकडे त्या क्षणात गळून जातात. पॉझ कोणत्या बटणावर आहे ते पुस्तकात असतं, बहुतेक वेळा रीडायलचं बटण दाबून धरलं की स्क्रीनवर पी उमटतो. थेट लाइनवर असाल तर एकच शून्य, पॉझ नको. येऊन गेलेल्या फोनच्या यादीतून परत लावतानाही पुढे शून्य आहे का ते पाहा, नसेल तर बसवा.

फोन करणाऱ्याचा नंबर स्क्रीनवर हवा असेल तर ती सोय आधी कंपनीकडून लाइनवर चालू करून घ्यावी लागते, आणि ईपीएबीएक्स असेल तर त्याने तो नंबर एक्स्टेंशनपर्यंत पोचवायला हवा. दुसरी रिंग वाजू द्या आणि मग उचला. पहिल्याच रिंगला झडप घातली तर नंबर यायला वेळच मिळत नाही.

कॉल दुसऱ्या टेबलावर द्यायचा असेल तर फ्लॅश किंवा आर असं लिहिलेलं बटण दाबा, टोन ऐका, एक्स्टेंशन लावा, तिकडच्या माणसाला कुणाचा फोन आहे ते सांगा आणि मगच ठेवा. फ्लॅश दाबल्यावर कॉल कटतच असेल किंवा काहीच होत नसेल, तर फ्लॅशची वेळ ईपीएबीएक्सशी जुळत नाही. सेटिंगमध्ये ती मिलिसेकंदांत बदलता येते. मी ६०० वर ठेवून पाहतो, नाही जमलं तर खाली ३०० आणि १०० वर येतो.

दुसरा हँडसेट जोडणं

एका बेसवर बहुधा सहापर्यंत हँडसेट चालतात. नव्या हँडसेटच्या मेनूत रजिस्टरचा पर्याय निवडा आणि बेसवरचं हँडसेट शोधायचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा. आधीचे हँडसेट वाजायला लागले तर बटण लवकर सुटलं. तेच बटण दाबून आवाज थांबवा आणि पुन्हा नीट धरा. पिन मागितला तर ०००० टाकून पाहा, बहुतेक कंपन्यांचा तोच असतो. शक्यतो बेसच्याच कंपनीचा हँडसेट घ्या. दुसऱ्या कंपनीचा जोडला जातो, बोलणंही होतं, पण फोनबुक आणि बाकीच्या सोयी मिळतीलच असं नाही.

जोडून झालं की प्रत्येक हँडसेटला नाव द्या. "१", "२" असं नको. "काउंटर", "गोदाम", "साहेब" असं लिहा. आपसात बोलायला इंटरकॉमचं बटण आहे, त्याला कॉलचे पैसे लागत नाहीत. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनच्या ताई पेशंटचा फोन घेतात, इंटरकॉमवर आत विचारतात आणि मगच कॉल डॉक्टरांकडे सोडतात. पेशंटला तोच तोच आजार दोनदा सांगावा लागत नाही. आजारी माणसाच्या घरचे फोनवर असतात तेव्हा एवढं तरी आपण करायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

लाइट गेली तर

कॉर्डलेसच्या बेसला वीज लागतेच. हँडसेट पूर्ण चार्ज असला तरी बेस बंद म्हणजे फोन बंद. म्हणून एक साधा वायरचा फोन ऑफिसात ठेवाच. तांब्याच्या लाइनवर तो एक्सचेंजकडून येणाऱ्या विजेवर चालतो, तुमच्याकडे लाइट नसली तरी. फायबर किंवा ईपीएबीएक्स असेल तर मात्र फायबरचा डबा, ईपीएबीएक्स आणि बेस तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. यातलं एक जरी राहिलं तरी बाकीच्या दोघांचा उपयोग नाही.

जूनच्या सुरुवातीला विजा कडाडायला लागल्या की तांब्याची लाइन आणि अॅडॉप्टर दोन्ही काढून ठेवा, आणि तेही वादळ डोक्यावर यायच्या आधी. वीज बोर्डातून येते तशी टेलिफोनच्या वायरीतूनही येते. नुसता अॅडॉप्टर काढून निश्चिंत बसलेल्यांचे जळालेले बेस दर पावसाळ्यात आमच्याकडे येतात.

महिन्यातून एकदा हँडसेटच्या आणि बैठकीच्या पिना कोरड्या कपड्याने पुसा. पूर्ण चार्ज करूनही दहा-पंधरा मिनिटांच्या बोलण्यात बॅटरीची खूण रिकामी होत असेल तर सेल संपले. दोन्ही एकदम, त्याच प्रकारचे बदला. नवा हँडसेट घ्यायची घाई करू नका. आणि काढलेले सेल कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.