हायरार्की म्हणजे उतरंड, पण कुठं म्हणायचं अन् कुठं नाही

भाच्याची तलाठी भरतीची तयारी चालू आहे, परवा ढोरं बांधून वसरीत टेकलो तं आला पुस्तक घेऊन, "मामा, हायरार्की म्हणजे काय जी?" मी म्हटलं, वरून खाली नंबर. तो गेला लिहायला, पण रात्री पडल्यावर समजलं की आपण पोराला चुकीचं सांगून बसलो, म्हणून आता नीट सांगतो.

पहिले आपला शब्द पाहा. परीक्षेत पदानुक्रम, अधिकारश्रेणी लिहा, हरकत नाही, पण खरा शब्द उतरंड. मातीच्या घरात राहिलेल्यांना सांगावं लागत नाही. आमच्या आजीच्या सयपाकघरात कोपऱ्यात होती, खाली मोठा डेरा, त्यावर मडकं, मग गाडगं, सगळ्यात वर बोळकं. डेऱ्यात जवारी, मधात तुरीची डाळ अन् राखेत घोळवलेलं बी, अन् बोळक्यात काय हे ती कोणाले सांगत नव्हती (पैसे होते, घरात सगळ्यांना माहीत होतं). खालची जवारी काढायची म्हणजे वरचं एकेक उतरवा, मधलंच एखादं ओढलं तं सगळं खाली. इंग्रजी शब्द मुळात ग्रीक, धर्मातल्या मोठ्या पुजाऱ्याच्या सत्तेवरून आलेला, जुन्या ख्रिस्ती ग्रंथात तो देवदूतांच्या नऊ पायऱ्यांसाठी वापरला आहे. आपला शब्द देवळातून नाही आला, चुलीपासून आला. मला तोच बरा वाटतो.

आता वापरायचं कुठं. शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) एक नंबरची जोडी अन् दोन नंबरची जोडी, ही उतरंड नाही, ही क्रमवारी, कारण पहिल्या जोडीवाला दुसऱ्याला हुकूम सोडू शकत नाही. वरुडकडं संत्री लहानमोठी निवडून वेगळी करतात, ती प्रतवारी. दोन मास्तरांत आधी लागलेला तो ज्येष्ठ, ती ज्येष्ठता. उतरंड तेव्हाच म्हणा जेव्हा वरच्याचं खालच्यावर काही चालते, किंवा खालचं वरच्याच्या पोटात बसते. गाव तालुक्यात, तालुका जिल्ह्यात, जिल्हा विभागात (अमरावतीत पाच जिल्हे, नागपुरात सहा), ही पण उतरंडच. कॉम्प्युटरातलं फोल्डरात फोल्डर तेच.

महसूलची उतरंड सगळ्यात कामाची, तेवढी पाठच करा. कोतवाल, तलाठी, मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार, तहसीलदार, उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त. तलाठ्याचं नाव 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी झालं, पण आमच्याकडचे म्हातारे अजून पटवारीच म्हणतात अन् मंडळ अधिकाऱ्याला आरआय (रेव्हेन्यू इन्स्पेक्टर). फेरफाराची (जमिनीवरचं नाव, हक्क बदलल्याची) नोंद तलाठी घेतो, मंजूर करतो मंडळ अधिकारी. ती मंजुरी तुम्हाला पटली नाही तं अपील उपविभागीय अधिकाऱ्याकडं, 60 दिवसांच्या आत. म्हणजे पाहा, उतरंड असली म्हणून दरवेळी प्रत्येक मडकं उतरवावंच लागते असं नाही, कायद्यानं कुठं कुठं मधलं सोडून दिलं आहे.

अन् सगळ्यात मोठी चूक इथं होते, मी पण केली. घरटॅक्सचा आकडा नमुना आठमध्ये (ग्रामपंचायतीच्या घरटॅक्सच्या यादीत) चुकला होता, मी मोठ्या तावात तहसीलदाराच्या नावानं अर्ज दिला, आठ दिवस वाट पाहिली, मग तिथल्या बाबूनं सांगितलं, भाऊ हे आमचं नाही, पंचायत समितीत जा. गावात तलाठी अन् ग्रामसेवक एकाच चहाटपरीवर बसतात म्हणून आपल्याला वाटते एकाच उतरंडीतले, पण ग्रामसेवकाच्या वर गटविकास अधिकारी अन् त्याच्या वर जिल्हा परिषदेचा सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी). दोन उतरंडी शेजारी शेजारी. सरपंच तं निवडून आलेला, तो तहसीलदाराच्या हाताखालचा नोकर नाहीच.

दवाखान्याचं थोडक्यात सांगतो, उपकेंद्र, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा. साध्या भागात 5,000 लोकांमागं एक उपकेंद्र अन् 30,000 मागं एक पीएचसी असा नियम, मेळघाट, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात 3,000 अन् 20,000.

बोलताना असं येते: उतरंड रचली, उतरंड ढासळली, "ऑफिसात हायरार्कीनं जा, साहेबाच्या डोक्यावरून उडी मारू नको." जातीची उतरंड हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल, तिथं तो हलक्यात वापरू नका. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध असमानता म्हटलं ती हीच, प्रत्येकाच्या वर कोणी अन् खाली कोणी, म्हणून सगळे मिळून ती मोडायला उठत नाहीत.

सकाळी भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणे, मामा, पण उतरंडीत वरचं बोळकं तं सगळ्यात लहान असते अन् सगळं वजन खालच्या डेऱ्यावर, मग जिल्हाधिकारी बोळकं अन् कोतवाल डेरा का? मी म्हटलं, बरोबर आहे बावा, पण पेपरात असं लिहू नको.