समिती बिल्डरची, गळती आपली: नव्या इमारतीतल्या बांधकामदोषांचा पाठपुरावा कसा करावा

पुण्यात नव्या इमारतीचे खरे रूप पहिल्या पावसाळ्यात दिसते. वरच्या मजल्यावरच्या छताला पिवळसर डाग पडतात, डक्टला लागून असलेल्या भिंतीचे पोपडे निघू लागतात आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी साचते. रहिवासी समितीकडे तक्रार घेऊन जातात, तेव्हा लक्षात येते की अध्यक्ष बिल्डरचे नातलग आहेत आणि सचिव त्यांच्याच कार्यालयात हिशेब पाहतात. ‘साइटवर कळवलं आहे, माणूस येऊन बघून जाईल,’ एवढ्या उत्तरावर दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. अशा घरमालकांनी एक गोष्ट आधीच पक्की ध्यानात घ्यावी. दोष दुरुस्त करून घेण्याचा हक्क समितीच्या ठरावावर अवलंबून नाही. तो प्रत्येक सदनिकाधारकाचा स्वतःचा हक्क आहे, आणि समिती कोणाच्याही हातात असली तरी त्याची मुदत रोज एका दिवसाने कमी होत असते.

हा हक्क स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच रेरा कायद्याच्या कलम १४(३) मध्ये आहे. ताबा दिल्याच्या तारखेपासून ५ वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यातला किंवा कारागिरीचा, दर्जाचा अथवा सेवासुविधांचा कोणताही दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने ३० दिवसांच्या आत, कोणताही जादा आकार न घेता, तो दूर केला पाहिजे. तसे न केल्यास ग्राहक नुकसानभरपाईस पात्र ठरतो. यातले ‘निदर्शनास आणून दिला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. लिफ्टमध्ये भेटलेल्या साइट इंजिनिअरला सांगणे किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर फोटो टाकणे यावर विसंबून राहू नये. मुदतीची सुरुवात ताबापत्रावरच्या तारखेपासून धरावी. सामाईक भागांतल्या दोषांसाठी इमारतीत ज्याला सर्वांत आधी ताबा मिळाला त्याची तारीख गृहीत धरणे शहाणपणाचे ठरते, कारण नंतर वाद झालाच तर तो आपल्या सोयीच्या बाजूने होतो.

त्यानंतर आपला विक्री करारनामा काढून दोषदायित्वाचे, म्हणजे दोष दुरुस्त करण्याच्या बिल्डरच्या जबाबदारीचे, कलम शब्दशः वाचावे. अनेक करारांत तिथे एक वाक्य घातलेले असते की, तापमानात २० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक फरक पडल्यामुळे भिंतींवर येणारे बारीक, केसासारखे तडे हे नेहमीची झीज समजले जातील, मात्र आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) सांगाड्यावरचे तडे त्यात येत नाहीत. उन्हाळ्यातली पुण्यातली दुपार आणि पहाट ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे वाक्य वाचून हसू येईल, पण बिल्डरचा वकील ते गंभीरपणे वाचतो. म्हणून तडा नेमका कुठे आहे, गिलाव्यावर, वीटकामाच्या आणि तुळईच्या सांध्यावर, की प्रत्यक्ष तुळई किंवा खांबावर, हे पहिल्या पत्रातच लिहावे. त्याच कलमात आणखी एक अट बहुधा असते. बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय स्नानगृहात किंवा नळजोडणीत फेरफार केल्यास दोषदायित्व संपते. घर सजवताना नाहणीची फरशी बदलली असेल, तर त्या नाहणीखालची गळती सिद्ध करणे अवघड होते.

समिती कोणत्या जातीची आहे

पुण्यात ‘सोसायटी’ हा शब्द सरसकट वापरला जातो, पण कायद्याच्या दृष्टीने दोन निराळे प्रकार असतात. एक म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था. दुसरा प्रकार म्हणजे महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० खालचे अपार्टमेंट, आणि हा प्रकार आपल्या शहरात बराच आढळतो. अपार्टमेंटमध्ये बिल्डर आधी घोषणापत्र नोंदवतो, उपविधी त्यालाच जोडलेले असतात आणि मग प्रत्येकाला डीड ऑफ अपार्टमेंट करून दिले जाते. इथे मताचे वजन साधारणपणे अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे जमीन आणि सामाईक भागांतल्या प्रत्येकाच्या न वाटलेल्या वाट्याच्या, टक्केवारीवर ठरते. न विकलेल्या सदनिकांचा हिस्सा बिल्डरच्याच नावावर असल्यामुळे दहा-बारा रिकाम्या सदनिका व्यवस्थापक मंडळ त्याच्या हातात ठेवायला पुरेशा होऊ शकतात. घोषणापत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदलेले असते, त्यामुळे त्याची प्रमाणित प्रत मंडळाकडे न मागताही मिळते.

सहकारी संस्थेत एका सदस्याला एकच मत असते, म्हणून तिथली वाट तुलनेने सोपी आहे. एकूण सदस्यांपैकी एक पंचमांश सदस्यांनी लेखी मागणी केली, तर समितीला एक महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते (कलम ७६). कलम ३२ नुसार सदस्याला संस्थेची ठरावीक कागदपत्रे आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. संस्था अजून नोंदलीच नसेल, तर ५१ टक्के सदनिकांचे बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत बिल्डरने त्यासाठी अर्ज करणे अपेक्षित असते. तो करत नसल्यास सदनिकाधारकांना सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे ‘असहकार्य’ या कारणाखाली स्वतः प्रस्ताव दाखल करता येतो.

दुरुस्तीचे पैसे कोणाच्या खिशातून

बिल्डरच्या समितीचा सर्वांत मोठा धोका ती काम करत नाही हा नाही. ती काम करते, पण आपल्याच पैशाने, आणि हे माझ्या मते गळतीपेक्षाही गंभीर आहे. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, लिफ्टच्या खड्ड्यातले पाणी काढणे, पोडियमच्या सांध्यांत रसायन भरणे, हे सगळे मेंटेनन्सच्या हिशेबात ‘किरकोळ दुरुस्ती’ किंवा ‘पावसाळापूर्व कामे’ या नावाखाली खर्ची पडते. एकदा तशी नोंद झाली की दोष हा दोष राहत नाही, तो देखभालीचा विषय होतो, आणि पुढे बिल्डर तोच ताळेबंद दाखवून म्हणतो की इमारत तेव्हापासून रहिवासीच सांभाळत होते. त्यामुळे दर वर्षीचा हिशेब आणि कंत्राटदारांची बिले लेखी मागावीत, आणि दोषदायित्वाच्या काळातल्या अशा प्रत्येक खर्चावर नाव आणि सदनिका क्रमांक घालून लेखी हरकत नोंदवावी.

याच कारणासाठी हस्तांतरपत्राकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. ‘सर्व सामाईक सुविधा सुस्थितीत मिळाल्या असून कोणतीही तक्रार नाही’ असे पत्र बिल्डरच्याच माणसांची समिती बिल्डरलाच देते, हा विनोद अनेक इमारतींत घडलेला आहे. ते पत्र दिले गेले असल्यास सदस्यांनी लगेच स्वतंत्र पत्राने कळवावे की ते आपल्याला मान्य नाही आणि कलम १४(३) खालचा आपला हक्क आपण सोडलेला नाही.

पुरावा गोळा करताना

प्रत्येक दोषाची एक नोंद ठेवावी. त्यात तो कुठे आहे, प्रथम केव्हा दिसला, पाऊस नसतानाही टिकतो का, आणि कोणत्या पत्राने कळवला, एवढे असले तरी पुरते. पाऊस नसतानाची नोंद विशेष उपयोगी असते. मार्च-एप्रिलमध्येही भिंत ओलीच राहत असेल, तर संशय गच्चीपेक्षा नळाच्या जोडण्यांवर किंवा वरच्या स्नानगृहाच्या खोलगट स्लॅबवर जातो. फक्त पावसात ओल येत असेल, तर गच्ची, बाहेरच्या भिंतीचा गिलावा किंवा खिडकीची चौकट तपासावी. खारट पांढरा लोणा दिसला तर त्याचा जवळून फोटो घ्यावा, कारण पाणी त्या भिंतीतून काही काळ झिरपत असल्याची ती खूण असते. मूळ फोटो फोनमधून पुसू नयेत. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते.

गच्चीसाठी पाणी तुंबवून घेतलेली चाचणी सर्वांत बोलकी असते. आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावरच्या छतावरची ओल म्हणजे ‘एसीमुळे धरलेलं दव’ आहे, असे साइट इंजिनिअर वर्षभर सांगत होते, आणि त्या खोलीत एसी नव्हता. शेवटी मे महिन्यात, पावसाचा संबंध नसताना, आम्ही पावसाळी पाइपांची तोंडे गोणपाट आणि सिमेंटने बंद केली, कडेने मसाल्याची बुटकी आळी घातली आणि गच्चीवर पाणी सोडले. त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारले होते, कारण १० सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो वजन होते. आम्ही त्याच्या निम्म्यावर थांबलो. पहिले दोन दिवस काहीच झाले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पंख्याच्या दांड्यापाशी एक थेंब लोंबकळताना दिसला, आणि तो खाली पडेपर्यंतचे चित्रीकरण बिल्डरच्या माणसाला समोर उभे करूनच केले. पुढे कोबा (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि मसाल्याचा थर) एका कोपऱ्यात फोडला, तेव्हा कठड्याला लागून असलेली वाटा (कोनात भरलेली मसाल्याची गोलसर पट्टी) फुटलेली आणि आतले विटांचे तुकडे चिंब ओले निघाले. पंचनाम्यावर त्या माणसाने सही केली नाही. मग ‘हजर होते, सही करण्यास नकार दिला’ असे लिहून आम्ही पाच जणांनी सह्या केल्या.

खांब, तुळया आणि स्लॅबच्या बाबतीत मात्र आपले डोळे पुरत नाहीत. त्यासाठी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्यावा. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी या चाचण्या काँक्रीट न फोडता होतात. गंभीर शंका असेल तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढून प्रयोगशाळेत ताकद तपासतात. अहवालात दोष, त्याचे कारण, दुरुस्तीची पद्धत आणि अंदाजे खर्च हे चारही असावेत. कारण लिहिलेले नसेल तर ‘रहिवाशांनी नीट वापर केला नाही’ हा बचाव मोकळा राहतो. मंजूर नकाशे आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या प्रती पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका किंवा पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), जिथली परवानगी असेल तिथून, माहितीच्या अधिकारात मागवता येतात. प्रकल्पाची बरीच कागदपत्रे महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरही सापडतात.

नोटीस आणि तक्रार

पहिले पत्र वकिलाचेच हवे असे नाही. त्यात करारनाम्याची आणि ताब्याची तारीख, दोषांची यादी, कलम १४(३), ३० दिवसांची मुदत आणि पाहणीसाठी आपण देऊ शकतो ते दिवस लिहावेत, आणि ते ईमेलने तसेच पोच मिळणाऱ्या टपालाने बिल्डरच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवावे. समितीला फक्त प्रत द्यावी. एकाच मजकुराची पत्रे वीस सदनिकांतून गेली तर बिल्डरची उत्तर देण्याची पद्धत बदलते, हे मी पाहिले आहे. छत कोसळण्याची भीती असेल तर मुदत संपण्याची वाट पाहू नये. बिल्डरला कळवून, आधीचे व नंतरचे फोटो काढून तातडीची दुरुस्ती करावी आणि बिले जपून ठेवावीत.

३० दिवसांत काम झाले नाही तर महारेराकडे कलम ३१ खाली ऑनलाइन तक्रार करता येते. तिचे शुल्क ५,००० रुपये आहे आणि ती एकट्या सदनिकाधारकालाही करता येते. नुकसानभरपाईचा प्रश्न कलम ७१ खाली न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे जातो, त्यामुळे दुरुस्ती हवी की पैसे, हे आधी ठरवावे. आदेशाने मिळालेली रक्कम बिल्डरने दिली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करावी लागते. घरासाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे जाते. एकाच मागणीसाठी दोन्ही दारे ठोठावू नयेत.

नोटीस मिळाल्यावर बिल्डर बहुधा दोन मजूर आणि रसायनाचे चार डबे पाठवतो. त्यांना अडवू नये, पण काम सुरू होण्याआधी कोणती पद्धत, कोणते साहित्य आणि हमी कोणाच्या नावे, हे लेखी घ्यावे. हमीपत्र समितीच्या नावे निघत असेल तर त्यात बाधित सदनिकांचे क्रमांक घालून घ्यावेत. गच्चीचे काम झाले की पाइपांची तोंडे पुन्हा बंद करून तीन दिवस पाणी तुंबवावे, आणि त्या काळात खालचे छत कोरडे राहिल्याशिवाय ‘काम पूर्ण’ या कागदावर सही करू नये.