पान सोला, फांदी कापा: झाडातली पाण्याची वाट बघायची कशी

पाण्यासाठी जलवाहिनी, अन्नासाठी रसवाहिनी ही व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात. खोड हातात देऊन "यात दाखव" म्हटलं की गप्प. म्हणून मी प्रात्यक्षिक आधी घेते, फळ्यावरची आकृती नंतर.

सुरुवात तेरड्यापासून. त्याचं खोड काचेसारखं अर्धपारदर्शक असतं, त्यामुळे मायक्रोस्कोप लागत नाही. पानं असलेली ताजी फांदी घ्या आणि तिचं टोक पाण्यात बुडवूनच तिरकं कापा. बाहेर कापलं तर जलवाहिन्यांत हवा शिरते आणि पाण्याची धार तुटते. मग फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवा, जमल्यास खिडकीशी, वाऱ्यावर. शेजारी तशीच दुसरी फांदी ठेवा, पण तिची सगळी पानं काढून. तासाभराने पानंवालीत रंग बराच वर गेलेला असतो, बोडकी मागे रेंगाळते. पाणी खालून ढकललं जात नसून पानांतून वाफ होऊन जाताना वर ओढलं जातंय, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आता ब्लेडने खोडाची पातळ आडवी चकती काढा. मुलांना वाटतं अख्खी चकती लाल निघेल. तसं होत नाही. कडेजवळ लाल ठिपक्यांचं एक कडं दिसतं आणि मधला गर फिकटच राहतो. ते ठिपके म्हणजे जलवाहिन्या. रसवाहिन्या त्यांच्याच बाहेरच्या अंगाला असतात, पण त्या रंगत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पानासाठी रिओ हे शोभेचं झाड घ्या, ज्याचं पान वरून हिरवं आणि खालून जांभळं असतं. जांभळी बाजू वर धरून पान तिरकं फाडा. फाटलेल्या कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखी झिरझिरीत साल लोंबते. तिचा नखाएवढा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा आणि कव्हरस्लिप (वर झाकायची पातळ काच) एका कडेने हळूच टेकवा, नाहीतर बुडबुडे येतात आणि कुणीतरी हमखास त्यांनाच पर्णरंध्रं, म्हणजे वाफ बाहेर जाण्याची पानावरची बारीक छिद्रं, समजून वहीत काढतं. आता मात्र मायक्रोस्कोप लागतो. त्याखाली जांभळ्या पेशींच्या फरशीत हिरव्या घेवड्याच्या बियांसारख्या जोड्या दिसतील. त्या रक्षक पेशी. त्यांच्यामधली फट म्हणजे पर्णरंध्र. पाणी भरलं की या पेशी फुगून बाहेरच्या बाजूला वाकतात आणि फट उघडते.

एकदा मी आदल्या संध्याकाळी तोडलेली, मलूल झालेली पानं वर्गात नेली. "उघडी तोंडं बघा" असं म्हणत राहिले आणि चाळीस मुलांना एकही तोंड उघडं दिसेना. पाणी कमी पडलं की झाड पहिल्यांदा हीच दारं लावून घेतं! तेव्हापासून पान सकाळी, उन्हात असलेलं आणि ऐन वेळी तोडते.

ती फजिती आता मुद्दाम करून दाखवते. कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावा. काही मिनिटांत जांभळा रंग पेशीच्या भिंतीपासून सुटून मधे गोळा होतो आणि फटी मिटतात. डोळ्यांदेखत. माझ्या मते सगळ्या प्रात्यक्षिकात बघण्यासारखं हेच.

राहिलं अन्न. ते शाईने दिसत नाही, त्याला धीर लागतो. जास्वंदीच्या एखाद्या बाजूच्या फांदीवरची बोटभर रुंद साल गोल काढून टाका. मुख्य खोडाला हात लावू नका, झाड मरेल. सालीबरोबर रसवाहिन्या जातात, आतल्या लाकडातल्या जलवाहिन्या शाबूत राहतात, म्हणून पानं लगेच सुकत नाहीत. काही आठवड्यांनी कापाच्या वरची कड फुगलेली दिसते, कारण पानांनी केलेली साखर खाली उतरताना तिथे अडते. इटालियन शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पिगी यांनी सतराव्या शतकात हेच करून पाहिलं होतं. त्या फुगवट्याभोवती ओलं शेवाळ बांधून ठेवलंत तर तिथूनच मुळं फुटतात. माळी त्याला गुटी कलम म्हणतात.