ढब्बू, टेप आणि पुरणपोळी

आमच्या ढब्बूला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "गाभण आहे का हो?" ढब्बू खच्ची केलेला नर घोडा आहे. पोट तेवढं आहे, बाकी काही नाही.

खांद्यापाशी साडेचार फूट उंची, आखूड पाय, जाड मान, आणि पाठ इतकी रुंद की वर चहाचा ट्रे ठेवावा. इंग्रजीत अशा घोड्याला कॉब म्हणतात. कॉब हे मुळात बांध्याचं नाव आहे: भक्कम हाड, रुंद छाती, थंड डोकं. वेल्श कॉबसारख्या काही जाती त्यातूनच नोंदवल्या गेल्या. आयर्लंडमध्ये असलेली माझी भाची अधूनमधून जिप्सी कॉबचे व्हिडिओ पाठवते. तिकडच्या भटक्या लोकांनी आपली घरं म्हणजे गाड्या ओढायला वाढवलेला हा घोडा, गुडघ्याखाली केसांचे असे झुबके की पाय दिसू नयेत. दिसतो देखणा. पण त्या केसांखाली ओल राहून खाज, किडे, जखमा त्याला तिथल्या थंड हवेतही होतात. नागपूरच्या मे महिन्यात त्याला उभं करणं म्हणजे रजई पांघरून भट्टीपाशी बसवणं. तेव्हा स्वभाव कॉबचा हवा असेल तर तो देशी तट्टूत शोधा. भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजल्याचं आपण अभिमानाने सांगतो, ती तट्टंही अशीच बुटकी, काटक आणि थोड्या चाऱ्यावर निभावणारी होती.

ढब्बूची जात कोणाला ठाऊक नाही. आधी टांग्याला होता, मग वरातीला. मी पोस्टातून निवृत्त झाले आणि नागपूरजवळच्या बेसा गावाच्या पलीकडे आमचा अर्धा एकर होता, तिथे तो आला. डीजेच्या भिंतीसमोर डुलक्या घेतो, पण समोर कोणी छत्री उघडली की चार पावलं मागे.

गरीब आहे की उपाशी आहे?

घेताना हा प्रश्न आधी. विकणारा म्हणतो, "एकदम गरीब आहे, पोरगंही धरेल." उपाशी, थकलेला, तापलेला घोडाही गरीबच दिसतो. म्हणून मी ढब्बूला तीनदा पाहायला गेले, त्यातली एक खेप न कळवता, भर दुपारी. त्याच्यापुढे चारा पडलेला होता, पोट भरलेलं होतं, आणि तरी त्याने चारी पाय उचलू दिले, कानाला हात लावू दिला. तेव्हा बोलणी केली. तोंड उघडून दात बघा, पाठीवर आणि छातीवर खोगीर किंवा पट्टा घासल्याचे पांढरे डाग बघा, आणि त्याला कडक जमिनीवर गोल फिरवून बघा. वळताना अडखळत असेल तर घरी या.

पैसे देण्याआधी रक्त तपासून घ्या. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो आणि तो निघाला तर घोड्यावर उपचार करत नाहीत, त्याला मारावं लागतं. नमुना जनावरांच्या डॉक्टरांमार्फत जातो, देशातलं घोड्यांचं संशोधन केंद्र हिसारला आहे. आपल्याकडे सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही नागपूरकरांची मोठी सोय. घोडा यायच्या आधी तिथे जाऊन चौकशी करून या. रात्री दोनला पोट दुखायला लागल्यावर पत्ता शोधायचा नसतो.

पोळ्याची गोष्ट

आता माझी चूक सांगते, कारण हे सगळं त्या चुकीतूनच शिकले.

ढब्बू आला त्या वर्षी पोळ्याला आमच्या वस्तीत एकही बैल उरला नव्हता. लोकांकडे पुरणपोळ्या होत्या, भक्ती होती, आणि ती वाहायला चार पायांचं काहीतरी हवं होतं. सकाळपासून बाया ताटं घेऊन आल्या. कुंकू, पुरणपोळी, वर भिजवलेली डाळ. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोट्टे लाकडी बैल ओढत आले आणि बोजाऱ्याच्या, म्हणजे त्या दिवशी घरोघरी मिळणाऱ्या, पैशातून आणलेली बिस्किटं त्याला चारून गेले. मी फोटो काढत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ढब्बू दोन्ही पुढचे पाय पुढे ताणून, सगळं वजन मागच्या पायांवर टाकून उभा होता, जसं एखादं माणूस तापलेल्या फरशीवर टाचांवर उभं राहतं. गव्हाणीपर्यंत चार पावलं, ती घालायला त्याला दोन मिनिटं लागली. खुरांना हात लावला तर गरम. घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना नाडी असते, एरवी ती शोधावी लागते. त्या दिवशी बोटाखाली ठोके मारत होती.

याला लॅमिनायटिस म्हणतात. खुराच्या आत हाड आणि बाहेरचं कवच यांना धरून ठेवणारा पदर सुजतो. सुटला तर हाड खाली फिरतं आणि घोडा कायमचा लंगडा होतो. एकदम पोटात गेलेली साखर आणि स्टार्च हे एक मोठं कारण, आणि जाड मानेचे, थोड्यावर फुगणारे घोडे त्याला आधी बळी पडतात. डॉक्टर येईपर्यंत फोनवरच म्हणाले, बर्फ आणा. आमचे हे स्कूटरवर जाऊन गोळेवाल्याकडून लादी घेऊन आले. दोन घमेल्यांत बर्फाचं पाणी करून त्यात ढब्बूचे पुढचे पाय ठेवले, ते दोन दिवस जवळपास हलवले नाहीत. तो शांत उभा राहिला. तोंडाने एक आवाज नाही. मला तेच जास्त लागलं: तापट घोड्याने आदल्या रात्रीच लाथा घालून सांगितलं असतं.

तो वाचला. महिन्याने कामठीहून नालबंद चाचा आले, खूर हातात घेतला आणि म्हणाले, "मावशी, काय चारून राहिल्या तुम्ही याले? हा घोडा हाय का लाडू?"

टेप

त्यानंतर मी शिंप्याची टेप घेतली. दर महिन्याच्या एक तारखेला मोजते. छातीचा घेर कोपराच्या मागून, खांद्याच्या उंचवट्यावरून घ्यायचा. लांबी खांद्याच्या पुढच्या हाडापासून मागच्या ढुंगणाच्या टोकापर्यंत. सगळं सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोमध्ये. पहिल्यांदा ढब्बूचा घेर १७० आणि लांबी १४२ भरली, म्हणजे ३४५ किलो. सात महिन्यांनी घेर १६० वर आला, म्हणजे ३०६. आकडा अंदाजाचाच असतो, पण कमी होतोय का वाढतोय ते बरोबर कळतं. डोळ्याला कळत नाही, कारण आपण रोज बघतो.

मानेवर आयाळीखाली हात फिरवा. तिथे कडक, वर उभा राहिलेला चरबीचा पट्टा लागला तर खुराक त्याच दिवशी आवळा.

आवळा म्हणजे उपाशी ठेवू नका. जाड तट्टाला एकदम उपाशी ठेवलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि तेही जिवावर बेतू शकतं. घोड्याचं पोट लहान असतं आणि ते दिवसभर थोडंथोडं खाण्यासाठी बनलेलं असतं. सर्वसाधारण हिशोब, वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा. ढब्बूला दीडच. साधारण साडेचार-पाच किलो, पण चार वेळांत वाटून, बारीक घरांच्या जाळीत भरून, म्हणजे खायला वेळ लागतो. हाताच्या काट्यावर मोजून. मुख्य म्हणजे सुकं गवत, जोडीला थोडा कडबा. गवत फार गोडसर असेल तर तासभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, साखर काही प्रमाणात निघून जाते. लसूणघास हौसेपुरता. चणे फक्त काम करणाऱ्याला, आणि ढब्बूचं काम काय ते पुढे सांगते. मिठाचा मोठा खडा गव्हाणीत कायम.

एक गोष्ट ठळक. शेजाऱ्याकडचं गाई-म्हशींचं तयार खाद्य घोड्याला कधीही देऊ नका. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते गाईला चालतं, घोड्याचं हृदय बंद पाडतं. सरकीची ढेपही नको. कोवळ्या ज्वारीचं विष शेतकऱ्याला सांगायला नको, पण शहरातून आलेल्यांना सांगते: हिरवीगार दिसली म्हणून तिच्यात सोडू नका.

रोजचे दहा मिनिटं

खरारा हा शृंगार नाही. हात सगळ्या अंगावरून फिरतो, सूज, गोचीड, ओरखडा तिथेच सापडतो. मला स्वतःला दिवसातली हीच वेळ सगळ्यात आवडते. सकाळी साडेपाचला, अजून वाहनं सुरू झालेली नसतात, ढब्बू खालचा ओठ लोंबता सोडून उभा असतो आणि पाठीच्या एका ठराविक जागी खरारा आला की वरचा ओठ लांब करून हवेतच काहीतरी खाजवत राहतो. मग तोच ओठ माझ्या खांद्यावर. ब्लाउजला हिरवा डाग.

मग चारी खूर. काढणीने, म्हणजे खूर खरडायच्या आकड्याने, टाचेकडून पुढे साफ करायचं. मधे व्हीच्या आकाराचा रबरासारखा भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा वास घेऊन बघा. हो, वास. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत तिथे काळं, कुजकं, सडलेल्या मोज्यासारखं काही जमायला लागतं, आणि दिसण्याआधी ते नाकाला कळतं. ठाण कोरडं ठेवणं हाच त्यावरचा खरा उपाय. मी मुरूम टाकून जमीन वीतभर उंच केली. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी आलाच पाहिजे, नाल असो वा नसो.

निरोगी असताना त्याचे आकडे लिहून ठेवा. नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ९९ ते १०१ फॅरनहाइटच्या आसपास. लीद किती वेळा टाकतो तेही. लीद थांबली, खाणं थांबलं, पोटाकडे वळून बघतोय, तर पोटशूळ. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे वाट बघू नका. धनुर्वाताची लस दरवर्षी, घोडा त्याला फार लवकर बळी पडतो. रेबीजचीही. पावसाळ्यानंतर येऊन-जाऊन ताप, पोटाखाली सूज आणि खाऊनही खंगणं दिसलं तर चावऱ्या माश्यांनी पसरणारा सर्रा असू शकतो, रक्त तपासा.

उन्हाळा

टिनाचं शेड असेल तर वर तुराट्या नाहीतर पऱ्हाट्यांचा जाड थर घाला. हाताला फरक लागतो. पाणी एरवी दिवसाला २५-३० लिटर, मे महिन्यात आमच्याकडे ५० च्या वर जातं. मी दोन घमेली वेगवेगळ्या सावलीत ठेवते, एक तापलं तर दुसरं. कूलर लावला होता, पण बंद जागेत दमटपणा वाढून उलट त्रास झाला. आता चारी बाजू उघड्या आणि फक्त पंखा. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये असं जुने लोक सांगतात. ओता. सगळ्या अंगावर, ओतत राहा. भर उन्हात धापा टाकतोय पण अंग कोरडं आहे, तर घाम येणंच थांबलंय, लगेच डॉक्टरांना बोलवा.

एकटा घोडा झुरतो. दुसरा घोडा परवडला नाही म्हणून चंपी नावाची बकरी आणली. ती त्याच्या पोटाखाली झोपते आणि त्याच्या जाळीतलं गवत चोरते. मला त्याची हरकत नाही.

आता काम. घोड्याच्या पाठीवर खोगिरासह त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं नको. ढब्बूला म्हणजे ६० किलो. माझं वजन ७४. त्यामुळे मी त्याच्यावर आजवर बसलेली नाही. शेजारची नऊ वर्षांची मुलगी बसते, मी लगाम धरून चालते. रविवारी पहाटे छोटा टांगा जोडून चारा आणायला जातो, येताना मी उतरून त्याच्या बाजूने येते. दोघांनाही डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

पोळा दरवर्षी येतोच. मळणीच्या बैलाला घालतात तसं मुसकं मी ढब्बूला घालते, वर झेंडूची माळ, आणि फाटकाशी सुक्या गवताच्या जुड्या बांधून ठेवते. येईल त्याच्या हातात एक जुडी. मुसकं घटकाभर काढते, जुडी त्याच्या तोंडात, परत घालते. पलीकडच्या आजी ऐकत नाहीत. त्या ताट घेऊन येतात, ढब्बूला ओवाळतात, मग मुसक्याकडे रागाने बघतात आणि पुरणपोळी माझ्या हातात देतात. ती मी तिथेच उभ्याने खाते. ढब्बू बघत असतो.