पारावर हवामानबदलाचा वाद कसा घालावा

आधी दोन प्रश्न वेगळे करा: तापमान माणसामुळे वाढलं का, आणि उपायांचा खर्च कोणी सोसायचा. एकत्र केले की वाद भरकटतो.

पहिल्यासाठी आकडा पाठ हवा. कारखानदारीआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० होता. आता ४२० च्या वर. "सूर्यच जास्त तापलाय" म्हणाले, तर सांगा: मग वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय.

"बाहत्तरचा दुष्काळ कोणामुळे?" इथे बहुतेकजण अडखळतात. दुष्काळ पूर्वीही होते, हे मान्य करा. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्यात उसाचाही वाटा होता.

खर्च वहीत मांडा. डावीकडे उपायांचा खर्च: ठिबक, शेततळं. उजवीकडे काहीच न केल्याचा: टँकर, चारा छावणी, दुबार पेरणीचं बियाणं. उजवी बाजू बहुधा कोणी लिहितच नाही. बीडच्या ऊसतोड मजुराने श्रीमंत देशांइतकाच भार उचलावा, हे मात्र मान्य करू नका.