होलोकॉस्ट शिकवणाऱ्या शिक्षकांचं प्रशिक्षण: या चुका टाळा

होलोकॉस्ट म्हणजे नाझी जर्मनीनं केलेला युरोपातल्या ज्यूंचा संहार. तो शिकवायच्या एकदिवसीय कार्यशाळेत निम्मा वेळ ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीच्या फोटोंवर जातो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. शिक्षक हादरून घरी जातात. पण १९३३ ते १९४१ दरम्यान टप्प्याटप्प्यानं काय घडत गेलं, हे मुलांनी विचारलं की अडखळतात.

त्यामुळे सकाळचं पहिलं सत्र कालक्रमाला द्या. चार-पाच जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला सात चिठ्ठ्या द्या: डाखाऊ छावणी, न्यूरेम्बर्ग कायदे (ज्यूंचे नागरी हक्क काढून घेणारे), ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली गेली ती रात्र, वॉर्सा घेट्टो (ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती) बंद होणं, बाबी यार (कीव्हमधली घळ, जिथे ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या), खेल्म्नो (व्याप्त पोलंडमधली मृत्युछावणी), वान्झे बैठक (बर्लिनमधली नाझी अधिकाऱ्यांची बैठक). तारखा मागच्या बाजूला लिहा: मार्च १९३३, सप्टेंबर १९३५, ९-१० नोव्हेंबर १९३८, नोव्हेंबर १९४०, २९-३० सप्टेंबर १९४१, डिसेंबर १९४१, २० जानेवारी १९४२. चिठ्ठ्या क्रमानं लावायला वीस मिनिटं पुरतात.

इथे दोन गैरसमज हमखास वर येतात. पहिला, हिटलर सत्तेवर आला आणि लगेच गॅस चेंबर सुरू झाले. डाखाऊ ही सुरुवातीला मुख्यतः राजकीय विरोधकांसाठी उघडलेली छळछावणी होती. बेल्झेक, सोबिबोर, ट्रेब्लिंका या मृत्युछावण्या, म्हणजे माणसं मारण्यासाठीच उभारलेल्या छावण्या, १९४२ मध्ये, व्याप्त पोलंडमध्ये सुरू झाल्या. हा फरक न सांगता सगळ्याला नुसतं ‘कॅम्प’ म्हणून मोकळं होऊ नका. दुसरा गैरसमज, हत्येचा निर्णय वान्झेत झाला. तिथे जमलेले १५ अधिकारी कोणत्या खात्यानं काय करायचं, हे ठरवत होते. तोवर सोव्हिएत प्रदेशात पाच लाखांहून अधिक ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. एकट्या बाबी यारला दोन दिवसांत ३३,७७१.

फोटो दाखवूच नका, असं नाही. एकच दाखवा, पण तो वाचायला शिकवा. ‘ऑशविट्झ अल्बम’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या संग्रहात मे-जून १९४४ चे सुमारे २०० फोटो आहेत. हंगेरीतून आणलेले ज्यू रेल्वेच्या फलाटावर उतरताना त्यांत दिसतात. हे फोटो एसएसच्या, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी संघटनेच्या माणसांनी काढलेले आहेत. म्हणून पहिला प्रश्न ‘कसं वाटतं?’ हा नको. फोटोग्राफर कुठे उभा आहे, तो तिथे बिनधोक का उभा राहू शकतो, चौकटीबाहेर काय राहिलंय, हे विचारा. मृतदेहांचे ढीग शाळेत दाखवायची गरज नाही. त्यातून माणूस दिसत नाही, आणि मागच्या बाकावरची मुलं हसायला लागतात.

सगळ्यात महागात पडते ती नाटुकली. मुलांना पिवळे तारे (नाझींनी ज्यूंना सक्तीनं लावायला लावलेली खूण) लावणं, खोलीत कोंबणं, ‘तू पहारेकरी, तू कैदी’ असे खेळ. हौसेनं हे प्रकार सुचवणारे प्रशिक्षक अजूनही भेटतात. मुलं एक तर घाबरतात, नाही तर त्यांना मजा येते. त्या काळातली परिस्थिती दोन्हीतून कळत नाही. त्याऐवजी होलोकॉस्टमधून बचावलेल्या एखाद्या व्यक्तीच्या साक्षीचा पाच मिनिटांचा भाग दाखवा. तो भाग युद्धापूर्वीच्या घरापासून, शाळेपासून सुरू होणारा निवडा.

‘ज्यूंनी विरोध का केला नाही?’ हा प्रश्न येणारच. वॉर्सा घेट्टोतलं एप्रिल १९४३ चं बंड सांगून थांबू नका. त्याच घेट्टोत इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजनिश्या, शिधापत्रिका, शाळकरी निबंध, ट्रामची तिकिटं, खाऊच्या गोळ्यांची वेष्टनंसुद्धा जमवून पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये पुरून ठेवली. त्यातले दोन साठे १९४६ आणि १९५० मध्ये सापडले. यातला एखादा कागद समोर ठेवला की प्रतिकार म्हणजे फक्त बंदूक नव्हे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

महाराष्ट्रातला दुवा जोडायच्या नादात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीचं नाव घेतलं जातं. तिथले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित बहुतांशी कॅथलिक होते आणि सोव्हिएत हद्दपारीतून सुटून आले होते. हा इतिहास मोलाचा आहे, पण तो होलोकॉस्टखाली घुसडू नका.

शेवटचा अर्धा तास व्याख्यानात घालवण्याऐवजी प्रत्येक शिक्षकाकडून ४० मिनिटांच्या एका तासिकेचा आराखडा लिहून घ्या. तासिका मृत्यूच्या वर्णनावर संपत नाही ना, शेवटची दहा मिनिटं मुलांच्या प्रश्नांसाठी राखली आहेत ना, हे तपासा. गृहपाठात ‘मी छावणीत असतो तर’ हा निबंध दिसला, तर तिथल्या तिथे खोडायला लावा.