घरातला कमी खर्चाचा स्टुडिओ: नवा माइक घेण्याआधी या चुका टाळा

रेकॉर्डिंगमधला आवाज लांबून आल्यासारखा, डब्यात बोलल्यासारखा वाटला की लोक लगेच महागड्या माइकच्या किमती बघू लागतात. निम्म्याहून जास्त वेळा माइक निर्दोष असतो. दोष असतो खोलीत, तोंडापासूनच्या अंतरात नाहीतर गेनमध्ये (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ती पातळी), आणि हे तिन्ही फुकटात सुधारतं.

खोलीवर चुकीचा खर्च

खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. टाळीमागून 'टर्रर्र' अशी शेपटी ऐकू आली तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवतायत असं समजा. टाइल्सची फरशी, कोऱ्या भिंती, सरकत्या काचेची खिडकी: आपल्या फ्लॅटमध्ये हे ठरलेलंच.

यावर भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची प्रथा अजून गेलेली नाही. पुठ्ठ्याचा तो पातळ थर आवाज जवळजवळ शोषत नाही, वर पेट चटकन घेतो. एक इंचाचा फोम थोडा बरा, पण तो फक्त वरच्या पट्टीतला 'स्स'चा भाग खातो. खालच्या पट्टीतल्या १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण ३.४ मीटर असते, ती अडीच सेंटिमीटर फोमला कशी दाद देणार? खोली फोमने मढवली की आवाज चमक गमावतो आणि खालचं घुमणं तसंच राहतं.

जाडी महत्त्वाची. कापसाची जुनी गादी किंवा दोन-तीन गोधड्या एकत्र घडी करून टांगल्या तर त्या बाजारातल्या पातळ फोमपेक्षा जास्त काम करतात. टांगायच्या कुठे, हे मात्र बहुतेक जण उलटं करतात. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, मागचं टाळतो. त्याच्यासमोर गायक असतो आणि गायकाच्या पाठीमागे भिंत. म्हणून गादी गायकाच्या पाठीमागे हवी, दोन्ही बाजूंना थोडी वळवलेली. खाली सतरंजी. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याकडे पाठ करून गायलात तरी फरक कळतो.

रिक्षाचा हॉर्न आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या यातल्या कशानेच थांबत नाहीत. बाहेरचा आवाज अडवायला वजनदार भिंत आणि बुजवलेल्या फटी लागतात. भाड्याच्या घरात तो खर्च करू नका, वेळ बदला. पंखा बंद ठेवाच. त्याचा वारा माइकवर आदळून होणारी घरघर नंतर नीट निघत नाही.

माइक: कोणता, कुठून, किती लांब

'गोंगाटात डायनॅमिक माइक घ्या, तो बाहेरचं उचलत नाही' हे अर्धसत्य आहे. डायनॅमिक माइक (स्टेजवर हातात धरतात तसला, वीज न लागणारा) काही गाळत नाही. तो तोंडापासून ५ ते ८ सेंटिमीटरवर वापरता येतो, म्हणून आवाजाच्या तुलनेत खोलीचा घुमारा कमी येतो. तोच माइक हातभर लांब ठेवला की घुमाराही तेवढाच येणार. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीतला घुमारा मात्र फारसा उतरत नाही.

कंडेन्सरसाठी (वीज लागणारा, बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक) एक वीत अंतर ठेवा. मध्ये, माइकपासून चार बोटांवर पॉप फिल्टर, म्हणजे तोंडाची फुंकर अडवणारी जाळी. तरीही 'प', 'फ', 'भ' फुटत असतील तर माइक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला सरकवून तिरका करा. मोठ्या डायफ्रामचे (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचे) बहुतेक कंडेन्सर बाजूने ऐकतात, टोकाने नाही. कंपनीचं चिन्ह किंवा कार्डिऑइडची खूण ज्या बाजूला असते तिकडून गायचं. वरच्या टोकात गायलं की आवाज बोदा येतो आणि नाहक माइकला शिव्या बसतात.

स्वस्त कंडेन्सरच्या संचात एक्सएलआर (माइकची तीन पिनांची जोडणी) ते ३.५ मिलिमीटरची केबल येते. ती लॅपटॉपच्या भोकात घातली की आवाज बारीक आणि खूप सुस्कारा, ही ठरलेली तक्रार. कंडेन्सरला सहसा ४८ व्होल्ट फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच येणारी वीज, लागते. ते भोक जेमतेम काही व्होल्ट देतं. फँटम देणारा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारा डबा) आणि साधी एक्सएलआर केबल हाच उपाय. २५ हजारांचं बजेट असेल तर इंटरफेसला साधारण १० हजार आणि माइकला ७-८ द्या. उरलेल्यात बंद कपांचे वायरवाले हेडफोन, स्टँड, केबल बसवा. स्पीकर नंतर.

पेटी आणि तबला असेल तर माइक पेटीच्या भात्याकडे रोखू नका, हवेचा फुसफुसाट येतो. पट्ट्यांच्या वर दीड फुटावरून खाली बघणारा माइक ठीक. एकाच खोलीत दोन माइक लावताना दोन माइकमधलं अंतर, वाद्य आणि त्याच्या माइकमधल्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा. नाहीतर आवाज पोकळ होतो. गाण्यावर ८० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर, चालतो. डग्ग्यावर तोच लावलात तर घुमक कापली जाईल.

गेन आणि सॉफ्टवेअर

'लाल होईपर्यंत वाढव, मग जरा कमी कर' ही टेपच्या काळातली सवय. २४ बिटवर रेकॉर्ड करा, सरासरी पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास (शून्य ही फाटण्याची हद्द) आणि सर्वांत जोरकस तान उणे १० ते उणे ६ मध्ये. चाचणी घेताना गुणगुणू नका, गाण्यातली सर्वांत चढी ओळ पूर्ण ताकदीने गा. फाटलेला आवाज परत शिवता येत नाही.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर बफर (संगणक आवाज पुढे देण्याआधी गोळा करतो तो साठा) बघा. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सँपल (आवाजाचे नमुने) घेताना, १२८ सँपल म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २१, आणि ते जाताना-येताना दोन्हीकडे मोजायचं. रेकॉर्डिंगला १२८, मिक्सिंगला १०२४. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा असिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारं सॉफ्टवेअर) निवडलाय ना, ते तपासा. आवाज दुहेरी येत असेल तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर (संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येणारा आवाज) आणि सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग दोन्ही चालू राहिलंय. एक बंद करा. फक्त डाव्या कानात आवाज? माइक स्टिरिओ ट्रॅकवर घेतलाय, मोनो करा. ब्लूटूथ हेडफोन लावून रेकॉर्डिंग करूच नका.

एक घोळ गवयांना विशेष छळतो. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ ची समजून वाजली तर सूर जवळपास दीड अर्धस्वर, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीने चढतो: पांढरी एकमधलं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्येच कुठेतरी लटकतं, लयही वाढते. तानपुऱ्याची फाइल, प्रोजेक्ट आणि इंटरफेस तिन्हींचा सँपलचा दर सुरुवातीलाच एक करा.

'हूँऽऽ' असा गुंजारव

आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गुंजारव गेला तर कारण वीजजोडणीत आहे. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घ्या, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एलईडी डिमर बंद करून बघा, इन्व्हर्टरवर असाल तर मेन लाइनवर या. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. प्लगची तिसरी पिन मोडून गुंजारव घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. शॉक बसू शकतो. गुंजारव चार्जर काढूनही राहिला तर केबल बदला, मग इनपुट, मग यूएसबी पोर्ट. एका वेळी एकच.

पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत कंडेन्सरमधून अचानक कडकड, चरचर येऊ लागली तर दमट हवेचा संशय धरा. माइक स्टँडवर उघडा ठेवू नका. काम झालं की सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणबंद डब्यात ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला.